उतार परत देतो तेवढं

गाडी घ्यायचे ठरले तेव्हा आईने एकच अट घातली होती, आणि ती गाडीबद्दल नव्हती.

"आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायला माझी ना नाही," ती म्हणाली होती. "पण माझ्यापायी तुमच्यापैकी कुणी परत रस्त्यात हात दाखवत उभं राहिलेलं मला दिसलं, तर त्या दिवशी माझ्या खेपा संपल्या. मग मला समजवायला यायचं नाही कुणी."

मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतरचे पहिले वर्ष तिने तसेच काढले होते. डायालिसिसचे इस्पितळ ब्याण्णव किलोमीटरवर, मध्ये घाट. सकाळची बस चुकली, किंवा आलीच नाही, की वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून येईल त्या वाहनाला हात दाखवत, आणि ती मागे मैलाच्या दगडावर बसून त्यांची पाठ पाहत राही. एकदा एका ट्रकवाल्याने वेग कमी केला, वडील धावत पुढे गेले, आणि ट्रकवाला हसून निघून गेला. सुयांचे तिला काही वाटत नसे. ते हसू मात्र तिच्या अंगात रुतून बसले होते. रक्त कितीही धुतले तरी ते निघत नव्हते.

मुलगा मोजणीच्या कचेरीत नकाशे काढत असे. माणसांशी बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटे. अंतरांशी मात्र त्याचे छान जमे. विजेवरची गाडी हा त्याचाच हट्ट. डिझेलच्या वासाने आईला मळमळते, मशीनवरून उठल्यावर साधा गचका बसला तरी तिचे डोके गरगरते. ही गाडी गुरगुरत नाही, हिसके देत नाही, धूर सोडत नाही. वडिलांनी लगेच मान डोलावली. चाळीस वर्षे त्यांनी वीजखात्यात लाईनवर काढली होती, फोरमन म्हणून निवृत्त झाले होते, आणि सगळी आळी त्यांना अजूनही फोरमन म्हणूनच हाक मारी.

"आयुष्यभर विजेनं पोसलं," ते म्हणाले. "आता म्हातारपणी फिरवू दे की जरा."

"जगाला चाळीस वर्षं उजेड दिलात," आई म्हणाली, "आणि आपल्या न्हाणीत दिवा लावायला अकरा वर्षं घेतलीत."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून आत डोकावले आणि हळहळत बंद केले. "फोरमन, ही गाडी नाही, चाकं लावलेला मोबाईल आहे. झोपेल तेव्हा जेवणार, जागी असेल तेव्हा उपाशी पळणार."

"तुझ्या पिकअपसारखी खोकत तरी नाही."

"खोकते, पण थांबत नाही हो!"

पण सोळा महिने हीही थांबली नव्हती. एकही खेप चुकली नव्हती. कागदावरचे दोनशे नव्वद किलोमीटर थंडीत दोनशे तीस होतात, हे मुलाने पहिल्याच हिवाळ्यात ओळखले, आणि त्या रस्त्याचा एक वेगळाच नकाशा त्याच्या मनात तयार झाला. त्यात गावे नव्हती, टक्के होते. जायला अडतीस, यायला बेचाळीस. परतीला पुलापर्यंत सात. घाटाचा चढ अकरा खातो. वारा समोरून असेल तर दोन जास्त. सगळे मिळून ऐंशी जात, वीस हातात उरत. आईच्या पाण्यालाही असेच माप होते: दिवसाला चार पेले, चौथा औषधांसाठी राखलेला. ती पेला तोंडाला लावून नुसते ओठ ओले करी आणि म्हणे, "तुझ्या गाडीला काय कळणार तहान म्हणजे काय?"

वडिलांना सगळ्यांत आवडे तो परतीचा उतार. घाटमाथा ओलांडून गाडी खाली उतरू लागली, की तिची चाके उलट वीज तयार करत आणि पडद्यावरचा आकडा एकेकाने वाढू लागे. खांबावर आयुष्य गेलेल्या त्या माणसाला याचे लहान मुलासारखे अप्रूप होते.

"बघ, बघ, परत देतोय! चढानं खाल्लेलं उतार परत देतोय. इतका इमानी माणूस तरी सापडेल का?"

"सगळं देतो?" आई डोळे मिटूनच विचारी.

"सगळं कसं देईल? देतो तेवढं."

मशीनवरून उतरल्यावर तीही अशीच असे, थोडीशी परत मिळालेली. मुलाला ते दर खेपेला दिसे, आणि दर खेपेला तो समोरच्या रस्त्याकडे बघे.

घरी कामाची वाटणी ठरलेली होती. कचेरीतून आल्यावर मुलगा पडवीत गाडीला वायर लावी. पहाटे गाडी भरली की वडील भिंतीवरचा मोठा स्विच बंद करत. मुलाने सुरुवातीला त्या स्विचवर लाल चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' असे लिहिले होते. वडिलांनी ती नखाने सोलून काढली. "मला स्विच शिकवतोस?" ते एवढेच म्हणाले, आणि मुलाने पुन्हा चिकटपट्टी लावली नाही. शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांच्या गँगमधला एक जण वीज गेलेल्या लाईनवर चढला होता आणि वीज त्याला न विचारता परत आली होती. त्या दिवसापासून वडिलांचा नियम होता: लाईन गेली की आधी स्विच पाडायचा, आली की पाच मिनिटं थांबायचं, ती स्थिर आहे का बघायची, मगच उचलायचा. घरात वीज गेली की ते अंधारातच उठत, एकेक स्विच हाताने चाचपून पाडत, आणि मग उजेडाची वाट बघत बसत. गेलेली वीज येताना दांडगाईने येते. तेव्हा महागाची वस्तू तिच्या तोंडी देऊ नये. नियम बरोबर होता. तो कधीच चुकला नव्हता.

त्या सोमवारी पहाटे पाच वाजता मुलगा पडवीत आला तेव्हा गाडीवरचा हिरवा दिवा विझलेला होता. त्याला वाटले, भरून झाली. त्याने दार उघडले. पडद्यावर आकडा होता: एक्केचाळीस.

भिंतीवरचा स्विच खाली होता.

सुट्टीमुळे वायर रविवारी दुपारीच लागली होती, आणि संध्याकाळी वादळी वाऱ्याने वीज गेली होती. त्याच वेळी त्याच्या फोनवर 'चार्जिंग थांबले' असा संदेशही आला होता. त्याने तो वाचला होता, आणि वीज आली की आपोआप सुरू होईल म्हणून फोन पालथा ठेवला होता. त्याला एकदा उठून पाहता आले असते. पण वडिलांच्या मागून जाऊन स्विच तपासणे म्हणजे ती लाल चिकटपट्टी पुन्हा लावण्यासारखेच झाले असते.

वडील मागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्विचकडे पाहिले, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"लाईन गेली तेव्हा पाडला मी," ते सावकाश म्हणाले. "येईल म्हणून वाट बघत बसलो होतो खुर्चीत. डोळा कधी लागला..."

"बाबा, आज सोमवार आहे."

"हो रे."

"शनिवार-रविवार दोन दिवस गेलेत मध्ये. तिच्या पायांवरची सूज बघितलीत?"

"बघितली."

"मग?" त्याचा आवाज चढला. आयुष्यात प्रथमच तो वडिलांवर ओरडत होता, आणि ते त्याला धड जमतही नव्हते. "एक स्विच! एवढा एकच तर स्विच तुमच्याकडे दिला होता!"

वडिलांनी स्विच वर केला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. आतून आईचा आवाज आला: "काय झालं रे? गाडी उठत नाही का?"

"उठतेय," दोघेही एकदम म्हणाले.

साडेसहापर्यंत थांबले तर त्रेपन्न होत होते. त्याहून उशीर करता येत नव्हता. मशीनची वेळ बांधलेली असते, एकजण उशिरा आला की त्याचा तासच कापला जातो, कारण पुढचा दारात बसलेला असतो. त्रेपन्नातून अडतीस गेले, पंधरा उरले. आई चार तास मशीनवर असताना इस्पितळाच्या आवारातल्या चार्जरवर गाडी सत्तरी-ऐंशीपर्यंत सहज जाईल. मुलाने हिशेब दोनदा केला. दोन्ही वेळा तो सुटला.

आवारात चार्जर एकच होता, आणि त्याला एक पांढरी गाडी लावलेली होती. तिच्या काचेतून आकडा दिसत होता: शंभर. पोट भरलेले असूनही ती तोंडातला घास सोडत नव्हती. पहारेकऱ्याने वर बोट दाखवले. "ते ना? दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या दारापाशी बसलेत. करडा स्वेटर. पहाटेच आलेत."

आईला मशीनवर घेतले होते; वडील तिच्यापाशी होते. मुलगा जिना चढून गेला. करड्या स्वेटरचा माणूस बाकावर एकटा बसला होता. त्याच्या हातात बायकांचा चष्मा होता, आणि तो रुमालाने काचा पुसत होता. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की परत पहिली.

मुलगा त्याच्या शेजारी बसला. वाक्य अगदी साधे होते. गाडी जरा बाजूला घेता का? पाच शब्द. त्याने ते मनात जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले. दारावरचा लाल दिवा जळत होता. अशा दिव्याखाली बसलेल्या माणसाला पार्किंगचे काय सांगायचे? तो दिवा विझेपर्यंत थांबू, असे त्याने ठरवले. मग खाली जाऊन एकदा पाहून आला. पांढरी गाडी तशीच. परत येऊन बसला. दहा वाजले. अकरा वाजले. चष्म्याच्या काचा आता इतक्या स्वच्छ झाल्या होत्या, की त्यांच्याकडे बघवत नव्हते.

पावणेबाराला त्या माणसानेच विचारले, "तुमचं कोण आहे आत?"

"आत नाही. आई. खाली, डायालिसिसला." आणि मग एका दमात, "तुमची गाडी चार्जरला आहे. माझी रिकामी आहे."

माणसाने चष्मा मिटला. "अहो, मग शेजारी बसून काय मुहूर्त बघत होतात इतका वेळ?" त्याने खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "काढा तुम्हीच. मला इथून हलवत नाही. नाहीतरी विसरलोच होतो मी, गाडी म्हणून काही आहे ते."

वायर लागली तेव्हा बारा वाजले होते.

आई मशीनवरून उठली, हातावरची पट्टी दाबून धरत थोडा वेळ पडून राहिली आणि दीड वाजता बाहेर आली, तेव्हा पडद्यावर त्रेचाळीस होते. परतीला बेचाळीस लागतात. एक टक्का हातात. मुलगा म्हणाला, "तासभर थांबू या." पण पलंग रिकामा करावा लागला होता, बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या, आणि आईचे ओठ पांढरे पडले होते. शिवाय चारनंतर घाटमाथ्यावर धुके उतरते. मग समोरचा हातही दिसत नाही.

"हळूहळू जाऊ," वडील म्हणाले. "बैलगाडीसारखे. आणि उतार आहेच की पुढे."

"घरी चला," आई म्हणाली. "मला माझी उशी पाहिजे."

ते बैलगाडीसारखेच निघाले. मागून येणारे भोंगे वाजवत, काच खाली करून काहीबाही ओरडत पुढे जात होते. एकाने विचारलेच, "ढकलू का?" मुलाने पाय हलका ठेवला, आणि पुलापाशी मनातल्या नकाशापेक्षा त्याच्याकडे दोन टक्के जास्त होते. चढ सुरू झाला. थंडी काचांवर बसू लागली. हीटर बंद होता.

मशीनवरून उतरलेल्या माणसाला थंडी बाहेरून वाजत नाही, आतून वाजते. आई मागच्या आसनावर दोन पांघरुणांत होती, त्यावर वडिलांचा कोट होता, आणि तरीही तिचे दात एकमेकांवर आपटत होते. तेवढाच आवाज गाडीत होता. ही गाडी गुरगुरत नाही, म्हणून तर घेतली होती. आता तो बारीक कडकड आवाज लपवायला तिच्याकडे काहीच नव्हते.

मुलाने हात पुढे केला आणि हीटर लावला.

"अरे, नको," वडील पुटपुटले. "पुरणार नाही."

"तिला बघा ना."

वडिलांनी मागे वळून पाहिले. गरम हवा येऊ लागली. माथ्यापर्यंत कडकड थांबली होती. आईने डोळे उघडले, गालाला किंचित रंग आला. "आता बरं वाटतंय," ती म्हणाली. तेवढ्या उबेने आकडा नऊवर आणला होता. मनातल्या नकाशात तिथे पंधरा लिहिलेले होते.

उतार लागला. कुणी 'बघ, बघ' म्हटले नाही. तिघेही पडद्याकडे बघत होते. नऊचे दहा झाले. दहाचे अकरा. बऱ्याच वळणांनंतर बारा. मग घाट संपला, सपाट रस्ता आला, समोरून वारा आला, आणि उताराने दिलेले रस्त्याने एकेक करून काढून घेतले.

घर सहा किलोमीटरवर असताना गाडीने एक मंजुळ सूर काढला, आपणहून कडेला घेण्याइतका वेळ दिला, आणि थांबली. थांबतानाही तिने हिसका दिला नाही.

मुलाने गॅरेजवाल्याला फोन केला. तो उचलताच म्हणाला, "काय पुतण्या, उपाशी राहिली का?" आणि मग आवाज ऐकून, "वहिनी आहेत का बरोबर? निघालोच. पंधरा मिनिटं. कुणी उतरू नका, थंडी आहे."

"येतोय तो," मुलाने सांगितले. "पंधरा मिनिटं. बसून राहायचं फक्त."

बसून राहायचे होते, एवढेच. वडिलांना ते जमले नाही. दिवसभर ते मनाने त्या स्विचखालीच उभे होते. आता त्यांना काहीतरी करायचे होते, आणि त्यांच्या हाताला अशा जागी एकच गोष्ट येत होती. ते दार उघडून उतरले. कोट आईच्या अंगावर होता; नुसत्या सदऱ्यावर ते गाडीच्या पुढे गेले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि येणाऱ्या पहिल्या दिव्यांसमोर त्यांनी हात वर केला.

"बाबा!" मुलगा काच खाली करून म्हणाला. "बाबा, तो येतोय, आत या!"

वाऱ्यात त्यांना ऐकू गेले नाही. पहिली गाडी गेली. दुसरी जरा हळू झाली. ते तिच्यामागे चार पावले धावले, आणि ती गेली. ते परत जागेवर येऊन उभे राहिले.

मुलाने मागे पाहिले नाही. समोरच्या आरशात आईचे डोळे होते. ती रागावलेली नव्हती. एखादे ओझे ठरलेल्या जागी खाली ठेवताना माणसाचा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा होता. तिने काचेतून ती पाठ खूप वेळ पाहिली. सदरा वाऱ्याने फुगत होता.

गॅरेजवाला तेरा मिनिटांत आला. "ही अशी ओढता येत नाही हो," तो गाडीकडे बघत म्हणाला, "मोटर जाईल. राहू दे इथंच, सकाळी ट्रॉलीवर घालतो. वहिनी, चला, आमची खोकणारी आहे, पण गरम आहे." त्याने आईला अलगद उचलून पिकअपमध्ये बसवले. डिझेलचा वास आला. तिने पदर नाकाला लावला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

बुधवारी पहाटे गाडी शंभर टक्के भरलेली होती. मुलाने रात्रभर दर तासाला उठून पाहिले होते. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, पाय सोडलेले.

"मी येत नाही," ती म्हणाली.

"आई, एक दिवस चुकलं. सोळा महिन्यांत एक दिवस."

"मी मोजलंय. वाईट गाडी नाही तुझी."

"माझी चूक होती. मला फोनवर कळलं होतं. आणि तिथंही मी... नुसतं विचारायचं होतं त्या माणसाला."

"ऐक." तिने त्याचा हात धरला. तिचा हात फुगलेला, गार होता. "तू हीटर लावलास ते चांगलं केलंस. फार बरं वाटलं होतं मला. पण त्यांना आता या वयात रस्त्यावर धावताना मला बघायचं नाही. मी सांगितलं होतं तुम्हांला."

"बाबा, तुम्ही सांगा ना!"

वडील दारात उभे होते. त्यांचा उजवा हात चौकटीवरच्या स्विचजवळ होता. तो त्यांनी खाली घेतला. "मी काय सांगू?" ते म्हणाले. "अगं, मी काय सांगू तुला?"

"काही नका सांगू. बसा इथं."

इस्पितळातून सिस्टरचे फोन आले. बुधवारी, शुक्रवारी, सोमवारी. आईने स्वतः बोलून त्यांचे आभार मानले, आणि मशीनची आपली वेळ कुणाला दिली ते विचारून घेतले. एका शिक्षिकेला दिली होती. "बरं झालं," ती म्हणाली. चार पेल्यांचे माप तिने मोडले. पहिला पूर्ण पेला तिने घोट घोट करत, डोळे मिटून, इतका वेळ प्यायला की मुलाला खोलीबाहेर जावे लागले. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

गाडी आता कचेरीत जाते आणि येते. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. आठवड्यातून एकदा वायर लावली तरी पुरते. कचेरीतला एकजण विजेवरची घ्यावी का म्हणून विचारत होता, आणि मुलाने त्याला खरे तेच सांगितले: रोजच्या वापराला उत्तम आहे.

घरात मात्र दिवसाही दिवे जळत असतात. न्हाणीतला, पडवीतला, माजघरातला. वडील कुठल्याच स्विचला आपणहून हात लावत नाहीत. वीज गेली तरी खुर्चीतून उठत नाहीत. अंधारात दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहतात. वीज दांडगाईने येते, सगळे दिवे एकदम पेटतात, एखादा फुटतो.

काल संध्याकाळी मुलगा कचेरीतून आला, गाडी लावली, आणि आत आला तेव्हा वडील आईच्या खोलीच्या दारात उभे होते. रिकाम्या पलंगावर दिवा जळत होता. चाळीस वर्षे गावाचा उजेड ज्याच्या बोटावर होता, तो माणूस मुलाकडे वळला.

"हा बंद करू का रे?" त्यांनी विचारले.

मुलाची जीभ टाळूला चिकटली. उत्तर अगदी साधे होते, एका शब्दाचे. वडील हात न उचलता त्याची वाट बघत उभे राहिले.